प्रोबायोटिक घातलेला प्रोटीनचा डबा: अंगी किती लागतो?

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. डबा प्रोटीनसाठी घेत असाल तर जरूर घ्या. झाकणावरच्या 'प्रोबायोटिक' (म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणू) या शब्दासाठी वर पैसे मोजत असाल, तर तेवढ्या पैशांची ज्वारी, मटकी आणि दूध आणा.

सप्लिमेंटच्या दुकानात हल्ली व्हे (दुधाच्या निवळीतल्या) प्रोटीनच्या बऱ्याच डब्यांवर 'प्रोबायोटिक' किंवा 'गट हेल्थ', म्हणजे आतड्याचं आरोग्य, असं लिहिलेलं दिसतं. विकणारा सांगतो की पोटातले चांगले जिवाणू वाढतील, प्रोटीन पूर्ण पचेल आणि स्नायू लवकर भरतील. यातला पोटातल्या जिवाणूंचा आणि स्नायूंचा संबंध खरा आहे. त्या संबंधाचा फायदा डब्यातल्या चिमूटभर जिवाणूंमधून मिळतो, इथे मात्र गडबड आहे.

संबंध कसा ते थोडक्यात. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. बाकीची रक्तातून यकृताकडे आणि पुढे स्नायूंकडे जातात. अस्तर धड असलं की जिवाणूंचे नको ते तुकडे रक्तात झिरपत नाहीत आणि अंगातला बारीक दाह आटोक्यात राहतो. दाह धुमसत राहिला तर खाल्लेलं प्रोटीन स्नायूंच्या बांधणीला नीट लागत नाही, हे वयस्कर माणसांत जास्त जाणवतं. सिंगापूरमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१९ साली झालेल्या प्रयोगात, जन्मापासून जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांचे स्नायू साध्या उंदरांपेक्षा हलके आणि अशक्त निघाले. त्यांच्या पोटात निरोगी उंदरांचे जिवाणू सोडल्यावर स्नायू सुधारले. नुसती ती मेदाम्लं दिली तरी काही प्रमाणात फरक पडला.

उलट दिशेचा पुरावा माणसांवरचा आहे आणि तो आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात व्यायामाची सवय नसलेल्या ३२ जणांकडून ६ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस, ३० ते ६० मिनिटं दमसासाचा व्यायाम करून घेतला. खाणं नेहमीचंच ठेवलं. ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढले, सडपातळ लोकांत जास्त आणि स्थूल लोकांत कमी. मग ६ आठवडे व्यायाम थांबवला, तर झालेला बदल बहुतेक मावळला. २०१८ साली हे निष्कर्ष छापून आले. म्हणजे डबा न उघडताही पोटातली वस्ती बदलते, फक्त चालणं-धावणं चालू ठेवावं लागतं.

आणखी एक काम बरंच गाजलं. २०१५ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या धावपटूंच्या शौचात शर्यतीनंतर व्हेलोनेला नावाचे जिवाणू वाढलेले आढळले. हे जिवाणू स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट खातात आणि त्याचं प्रोपिओनेट करतात. ते उंदरांना दिले तेव्हा उंदीर सुमारे १३ टक्के जास्त वेळ धावले. या प्रयोगाचा हवाला देऊन काहीही विकलं जातं, म्हणून लक्षात ठेवा: ते उंदीर होते, आणि आपल्याकडच्या डब्यांवर साधारणपणे लिहिलेले जिवाणू वेगळेच आहेत.

आता डबा हातात घ्या आणि फिरवून मागची बाजू वाचा.

जिवाणूचं नाव तीन भागांत हवं: कुळ, प्रजाती आणि स्ट्रेनचा, म्हणजे पोटजातीचा, क्रमांक. 'बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स' एवढंच लिहिलं असेल तर ते अर्धवट पत्त्यासारखं आहे. 'बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स जीबीआय-३०, ६०८६' असं असेल तर तो नेमका कोणता आणि त्याच्यावर काय काम झालंय हे शोधता येतं. 'प्रोबायोटिक ब्लेंड ५० मिलिग्रॅम' असं लिहिणारा डबा सरळ खाली ठेवा, कारण जिवाणू वजनावर मोजत नाहीत. ते सीएफयूमध्ये, म्हणजे जिवंत राहून वाढू शकणाऱ्यांच्या संख्येत मोजतात. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार दिवसाच्या मात्रेत साधारण १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. त्याहून कमी ठेवायचे तर तसा पुरावा लागतो. चांगल्या डब्यांवर एका स्कूपमागे १ अब्ज किंवा त्याहून जास्त आकडा असतो. हा आकडा बनवतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हेही पाहा. पुष्कळ ठिकाणी बनवतानाचाच असतो.

पावडरमध्ये बॅसिलसच जास्त का वापरतात, याला कारण आहे. तो बीजाणू करून झोपी जातो, त्यामुळे कोरड्या पावडरमध्ये, गोदामातल्या उकाड्यात आणि जठरातल्या आम्लात टिकतो. दूध आंबवणाऱ्या जिवाणूंपैकी लॅक्टोबॅसिलस तसा चिवट नाही. डब्यावर फक्त लॅक्टोबॅसिलस असतील आणि डबा एप्रिल-मेमध्ये टेम्पोतून फिरून आला असेल, तर छापलेल्या आकड्यातले किती जिवंत उरले याची खात्री कोणी देऊ शकत नाही. घरीही ओला स्कूप आत घालू नका. ओल लागली की पावडरचे खडे होतातच, जिवाणूही अवेळी जागे होऊन मरतात.

मग फायदा किती? कोअ‍ॅग्युलन्सवर २०१६ साली एक काम झालं. व्यायामाची सवय असलेल्या २९ पुरुषांनी दोन आठवडे २० ग्रॅम केसिन (दुधातलं दुसरं प्रोटीन), आणि दोन आठवडे तेच केसिन या जिवाणूसह घेतलं. जिवाणूसह घेतलं तेव्हा कसून व्यायाम केल्यानंतरचं अंग दुखणं कमी आणि सावरणं बरं आढळलं. स्नायू वाढल्याचं त्यातून सिद्ध होत नाही, दोन आठवड्यांत ते शक्यही नव्हतं. तैवानमधल्या, कोबीच्या लोणच्यातून वेगळ्या केलेल्या टीडब्ल्यूके-१० या लॅक्टोबॅसिलसवर २०१९ साली ५४ जणांवर ६ आठवडे प्रयोग झाला आणि दमेपर्यंत धावण्याची क्षमता वाढली. पण तिथली रोजची मात्रा ३० अब्ज आणि ९० अब्ज होती. डब्यातल्या १ अब्जाशी त्याची तुलना करून विकणं बरोबर नाही. शिवाय एका स्ट्रेनचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही.

आता त्या तक्रारीकडे येऊ जिच्यामुळे लोक हा महागडा डबा उचलतात: साध्या व्हेने पोट गच्च होतं, वात धरतो, चारचौघांत बसायची चोरी होते. दुकानदार त्यावर 'प्रोबायोटिकवाला घ्या' म्हणतो. खरं कारण बहुतेक वेळा चारपैकी एक असतं, आणि लक्षणांवरून ते ओळखता येतं.

पहिलं, हवा. शेकर जोरजोरात हलवला की वर दोन बोटं फेस येतो आणि तो तसाच गटागटा प्यायला जातो. लगेच ढेकर आणि छातीखाली दाब जाणवला तर हेच. आधी पाणी, मग पावडर घाला, हलवा, पाच मिनिटं ठेवा, फेस बसला की दहा मिनिटांत घोट घोट प्या. फुकटातला उपाय आहे आणि पुष्कळांचं काम इथेच होतं.

दुसरं, लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोटात गुडगुड, मुरडा, पातळ शौच. इथे एक हिशोब कोणी करत नाही. व्हे कॉन्सन्ट्रेटच्या ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये लॅक्टोज साधारण दीड-दोन ग्रॅम असतं, आयसोलेटमध्ये, म्हणजे जास्त शुद्ध केलेल्या व्हेमध्ये, त्याहून खूपच कमी. पण तो स्कूप २५० मिली दुधात घातला की दुधातलं १२ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज वर येतं. दूध न पचणारी बरीच माणसं एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत सोसतात. दूध आणि कॉन्सन्ट्रेट मिळून ती रेघ ओलांडली जाते. म्हणून आयसोलेटवर पैसे घालण्याआधी आठवडाभर पाण्यात घेऊन बघा. लॅक्टेज हे लॅक्टोज पचवणारं विकर घातलेला डबा असेल तर ते किती युनिट आहे हे लिहिलेलं हवं, नुसते मिलिग्रॅम पाहून काही कळत नाही.

तिसरं, गोडी आणि घट्टपणा आणणारे पदार्थ. घटकांच्या यादीत माल्टिटॉल (लेबलवरचा आयएनएस क्रमांक ९६५), सॉर्बिटॉल (४२०) किंवा पॉलिडेक्स्ट्रोज (१२००) दिसलं तर वाताचं मूळ तिथे असू शकतं, कारण ते वर न शोषलं जाता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. प्रोटीन बारमध्ये हे जास्त सापडतं. झँथन (४१५) आणि ग्वार गम (४१२) थोडे असतील तर बहुतेकांना त्रास होत नाही. बिनचवीचा डबा घेऊन पाच दिवस पाहिलं की उत्तर मिळतं.

चौथं, प्रोटीनचाच अतिरेक. दुसऱ्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास, जोडीला शौचाला खडा. एकाच वेळी दोन-दोन स्कूप आणि ताटात भाजी-डाळ नाही, अशा खाण्यात न पचलेलं प्रोटीन मोठ्या आतड्यात पोचतं. चोथा मिळाला नाही की जिवाणू तेच खातात आणि अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड असले वायू करतात. क्रॉसकंट्री धावपटूंना १० आठवडे प्रोटीन सप्लिमेंट दिल्यावर ब्लाउटिया, रोजबुरिया आणि बिफिडोबॅक्टेरियम लाँगम हे उपयोगी जिवाणू कमी झाल्याचं २०१८ साली दिसलं होतं. यावर प्रोबायोटिकचा उतारा चालत नाही. एका वेळची मात्रा २० ते २५ ग्रॅम प्रोटीनवर ठेवा आणि चोथा वाढवा.

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चार-पाच दिवस थांबा. आधी अर्धा स्कूप पाण्यात, मग पूर्ण. दूध, डबा आणि चव तिन्ही एकदम बदलली तर गुन्हेगार कधीच सापडत नाही.

प्रोटीनचा डबा लागतोच का, हाही प्रश्न रास्त आहे. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या हिशोबाने सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, आणि याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळायला सांगितलं आहे. नियमित वजनं उचलणाऱ्यांना क्रीडापोषणाचे तज्ज्ञ १.४ ते २ ग्रॅम सांगतात. ६५ किलोच्या शाकाहारी माणसाला खालच्या टोकानेही ९१ ग्रॅम लागतात, आणि दोन भाकऱ्या, आमटी, उसळ, वाटीभर दही एवढ्या ताटातून ते भरत नाहीत. आधी सोयाबीन, पनीर, दूध वाढवून बघा. तरी तूट राहिली तर एक स्कूप भर म्हणून ठीक. दोन-तीन स्कूपवर दिवस काढणं आम्हाला मान्य नाही.

चोथ्याचा हिशोब मात्र आपल्या स्वयंपाकघरात सहज जमतो. गरज साधारण २००० कॅलरीमागे ३० ग्रॅमची. ज्वारीत दर १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम चोथा आहे, बाजरीत साडेअकरा, मटकीत १५, हरभऱ्याच्या डाळीत १५, पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाही. दोन मध्यम भाकऱ्या म्हणजे १२० ग्रॅम पीठ, तिथेच १२ ग्रॅम झाले. ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ सहा देते. एक मोठा पेरू, दोन वेळा भाजी, कांदा-लसूण, वाटीभर आमटी, की तीस पार. भाकरीच्या जागी पोळी चालते, पण मैद्याची ब्रेड आणि पांढरा भात हेच मुख्य झालं की जिवाणू उपाशी राहतात. आणि एकदम वाढवू नका. सध्या १५ ग्रॅम खात असाल तर दर आठवड्याला पाचाने वाढवा, पाणीही वाढवा, नाहीतर पहिल्या चार दिवसांत पोट फुगून तुम्ही उसळीलाच दोष द्याल.

भारतीय पोटात प्रिव्होटेला या जिवाणूचं प्रमाण जास्त आढळतं, आणि ते धान्य-डाळींच्या चोथ्यावर पोसलं जातं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भारतीयांच्या पोटातल्या जिवाणूंवर बरीच वर्षं काम झालं आहे. परदेशी पोटांवर बेतलेले सल्ले जसेच्या तसे उचलू नयेत, याचं हे मोठं कारण.

फळीवरच्या बाकीच्या वस्तूंबद्दल.

याकुल्ट या आंबवलेल्या दुधाच्या पेयाच्या ६५ मिलीच्या बाटलीत शिरोटा स्ट्रेनचे साडेसहा अब्ज जिवाणू असतात. स्ट्रेन आणि संख्या दोन्ही स्पष्ट लिहिलेली, वस्तू शीतसाखळीत ठेवलेली, म्हणून प्रोबायोटिक म्हणून ती बहुतेक डब्यांपेक्षा प्रामाणिक आहे. बद्धकोष्ठ असणाऱ्यांनी चार आठवडे करून बघायला हरकत नाही. मात्र बाटलीत १० ग्रॅमच्या आसपास साखर असते (कमी साखरेचा प्रकारही मिळतो), आणि प्रोटीन नगण्य. स्नायूंसाठी म्हणून घेऊ नका.

इन्युलिन पावडर, म्हणजे चिकोरीच्या मुळातला चोथा, ही जिवाणूंचं खाणं (प्रीबायोटिक) आहे आणि बिफिडोबॅक्टेरिया खरंच वाढवते. लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीच्या पुढच्या ३६ जुळ्यांच्या जोड्यांवर केलेला प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना १२ आठवडे प्रोटीन आणि व्यायाम, एका गटाला वर इन्युलिन आणि एफओएस या तशाच चोथ्याची पूड. बिफिडोबॅक्टेरिया वाढले, स्मरणशक्तीच्या चाचण्या सुधारल्या, पण खुर्चीतून उठ-बस करण्याच्या वेळेत, म्हणजे स्नायूंच्या ताकदीत, दोन गटांत फरक पडला नाही. एवढा स्वच्छ प्रयोग असताना 'स्नायूंसाठी प्रीबायोटिक' असं छातीठोकपणे विकणं चूक आहे. घ्यायचीच तर २-३ ग्रॅमपासून सुरू करा. पहिल्याच दिवशी १० ग्रॅम घेतलीत तर रात्र वाईट जाईल. आयबीएस, म्हणजे वरचेवर पोट बिघडण्याचा विकार, असणाऱ्यांनी टाळावी.

इसबगोल वेगळ्या कामाचा. तो पाणी धरून जेल होतो आणि शौच मऊ करतो, पण जिवाणू त्याला फारसं आंबवत नाहीत. चमचाभराला निदान एक मोठा पेला पाणी, आणि औषधांपासून दोन तास लांब.

शौचाच्या नमुन्याचं किट सध्या घेऊ नका. अहवालातल्या रंगीत पट्ट्या छान दिसतात, पण 'निरोगी' प्रमाण कोणतं याचं ठरलेलं माप नाही, आणि चार दिवसांचं खाणं बदललं की अहवालही बदलतो. शेवटी सल्ला मिळतो भाज्या-डाळी खाण्याचा.

आता घरचं दही. काटेकोर अर्थाने ते प्रोबायोटिक नाही, कारण विरजणातला स्ट्रेन कोणता हे माहीत नसतं. पण ताज्या दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात, लॅक्टोज काही अंशी कमी झालेलं असतं, आणि २०० ग्रॅमला सहा-सात ग्रॅम प्रोटीन मिळतं. अर्धा लिटर दूध उकळून ४० ते ४३ अंशांवर आणा, म्हणजे करंगळी बुडवली की कोमट लागेल पण चटका बसणार नाही. एक छोटा चमचा ताजं विरजण आधी दोन चमचे दुधात मोडून मग ढवळा. दूध फार गरम असेल तर जिवाणू मरतात आणि दूध तसंच राहतं. फार निवलं असेल तर लागायला वेळ लागतो आणि दह्याला तार येते. उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत आठ-दहा. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर आंबट होतं. जिवंत जिवाणू हवे असतील तर ताक किंवा दहीभात खा, कढी उकळली की ते उरत नाहीत. फडक्यात तीन-चार तास टांगून चक्का केला की तेवढ्याच वाटीत प्रोटीन जास्त बसतं. निवळी फेकू नका, त्यात पीठ भिजवा.

लांब पळणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. जोरात किंवा उन्हात दीर्घकाळ धावताना रक्त पोटाकडून पायांकडे वळतं आणि आतड्याचं अस्तर ताणलं जातं. म्हणून लांब पल्ल्याच्या सकाळी आणि आदल्या रात्री उसळ, कोशिंबीर, इन्युलिन बार नको. भात, केळं, साखर-मिठाचं पाणी असं हलकं ठेवा. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असेल तर कोणतंही नवं प्रोबायोटिक डिसेंबरच्या सुरुवातीलाच आजमावून घ्या. शर्यतीच्या आठवड्यात नवीन काही नको.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीनचा डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नये. प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं किंवा केमोथेरपी चालू असेल तर जिवंत जिवाणूंची कोणतीही कॅप्सूल, पावडर, बाटली विचारूनच. अँटिबायोटिक चालू असताना ते आणि लॅक्टोबॅसिलस यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवतात, पण अँटिबायोटिकनंतर आपोआप प्रोबायोटिक घ्यायलाच हवं असं नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या प्रयोगात, तसं घेणाऱ्यांची स्वतःची वस्ती पूर्ववत व्हायला उलट जास्त वेळ लागला.

एवढं वाचूनही हा डबा घ्यायचा ठरलं, तर भाव स्कूपमागे न काढता प्रोटीनमागे काढा: डब्याची किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन ग्रॅममध्ये. मग शेजारच्या साध्या डब्याचा तोच आकडा काढा. जो फरक येईल ती प्रोबायोटिकची किंमत. पहिल्यांदा दोन-अडीच किलोचा डबा कितीही स्वस्त पडला तरी अर्धा किंवा एक किलोचाच घ्या, बनवल्याची तारीख तीन-चार महिन्यांच्या आतली बघा, आणि उघडल्यावर दीड-दोन महिन्यांत संपवा. डबा ओट्याजवळ, गॅसच्या उबेत ठेवू नका. कोरड्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा.